गुडघ्यात मधाचे इंजेक्शन घ्यावे का? सांधेझिजेच्या रुग्णांसाठी माहिती

गुडघे दुखायला लागले की सल्ला द्यायला सगळे तयार असतात. कोणी एरंडाचे पान बांधायला सांगतो, कोणी मेथीचे दाणे खायला सांगतो. त्यातच कधी कोणाकडून कानावर येते, ‘शुद्ध मधापासून केलेले इंजेक्शन सांध्यात देतात, नैसर्गिक आहे, ऑपरेशनची गरज पडत नाही.’ रात्री कूस बदलतानाही कळ येत असेल, तर असे काही ऐकल्यावर आशा वाटणे साहजिक आहे. मध आपल्या घरातलाच, तान्ही बाळे सोडली तर घरातले सगळेच तो खातात. मग त्याने काय अपाय होणार, असे वाटते.

या लेखात मधाबद्दल वैद्यकशास्त्राला काय ठाऊक आहे, जखमेवर चालणारा मध सांध्यात का चालत नाही, आणि सांधेझिजेवर खरोखर काय उपयोगी पडते, हे पाहू.

आधी थोडक्यात उत्तर

मधाचे किंवा मधापासून बनवल्याचे सांगितले जाणारे इंजेक्शन सांध्यात घेऊ नका. सांधेझिजेच्या प्रमाणित उपचारांत त्याला स्थान नाही. फायदा सिद्ध झालेला नाही आणि सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका मोठा आहे. असे इंजेक्शन आधीच घेतले असेल आणि सांधा सुजला असेल, तर याच लेखातील ‘धोक्याची लक्षणे’ हा भाग आधी वाचा.

गुडघ्यात नेमके काय झिजते?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे भेटतात तिथे दोन्ही टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. आपण तिला बोलीभाषेत ‘गादी’ म्हणतो. या दोन टोकांमध्ये थोडासा चिकट द्रव असतो. निरोगी गुडघ्यात तो जेमतेम अर्धा ते चार मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका चमच्यापेक्षाही कमी असतो. हेच ते ‘वंगण’.

वय, वाढलेले वजन, जुनी दुखापत, आनुवंशिकता आणि वर्षानुवर्षांचे उकिडवे बसून केलेले काम यांमुळे कूर्चा पातळ होते, हाडाच्या कडेला टोके वाढतात, सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि मांडीचे स्नायू अशक्त होतात. हा सगळा मिळून सांधेझिजेचा आजार, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. आपल्याकडे सोयाबीनची काढणी, निंदणी-खुरपणी, जनावरांच्या धारा, जमिनीवर बसून स्वयंपाक हे सगळे गुडघा पूर्ण दुमडूनच होते. त्यामुळे दुखणे सुरू झाले की रोजचे जगणेच अडते.

पुष्कळ रुग्ण म्हणतात, ‘एक्स-रेमध्ये गॅप पडली आहे.’ प्रत्यक्षात उलटे असते. कूर्चा एक्स-रेमध्ये दिसत नाही, म्हणून निरोगी गुडघ्यात दोन हाडांमध्ये मोकळी जागा दिसते. कूर्चा झिजली की ती जागा कमी होते. ही जागा बाहेरून काहीतरी भरून वाढवता येत नाही, हे लक्षात ठेवले तर अर्ध्याहून अधिक जाहिराती आपोआप गळून पडतात.

मधाची औषधी कीर्ती खोटी नाही

मध औषधी आहे, हे म्हणणे निराधार नाही. आयुर्वेदात मधाला योगवाही म्हटले आहे, म्हणजे ज्या औषधाबरोबर द्यावा त्याचे गुण वाढवणारा. चूर्णे मधातून चाटवतात, निरूह बस्तीत काढा, तेल आणि सैंधवाबरोबर मध घालतात, जखमेवर मध-तूप लावण्याचा उल्लेख सुश्रुतसंहितेत आहे.

आधुनिक वैद्यकातही मधावर काम झाले आहे, आणि त्यातले एक महत्त्वाचे काम आपल्या शेजारी सोलापूरला झाले. तिथल्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर तुलना केली. निम्म्यांच्या वरवरच्या जखमांवर मधात भिजवलेली पट्टी, तर निम्म्यांना त्या काळात सर्रास वापरले जाणारे सिल्व्हर सल्फाडायझिन मलम. १५ दिवसांत मधाच्या गटातील ८७ टक्के जखमा भरल्या, तर मलमाच्या गटातील १० टक्के. हा अभ्यास १९९१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये छापून आला आणि जगभर त्याचा उल्लेख होतो.

पुढे २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात मधाच्या मलमपट्टीचे २६ अभ्यास, एकूण ३,०११ रुग्ण, एकत्र तपासले गेले. निष्कर्ष असा की अर्धवट खोलीपर्यंत भाजलेल्या जखमा मधाने नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा चार ते पाच दिवस लवकर भरतात, आणि ऑपरेशननंतर चिघळलेल्या जखमांतही फायदा दिसतो. पायावरच्या जुनाट जखमांसारख्या इतर काही जखमांत मात्र ठोस फायदा दिसला नाही. म्हणजे मधाची जखमेवरची पट्टी ही आजीबाईच्या बटव्यातली निव्वळ समजूत नाही. फक्त या सगळ्या अभ्यासांत मध लावला गेला तो त्वचेवरच्या उघड्या जखमेला, सांध्याच्या आत नाही.

जखमेवर चालतो, मग सांध्यात का नाही?

मधाचे जे गुण जखमेवर उपकारक ठरतात तेच सांध्यात अपायकारक ठरू शकतात. एकेक पाहू.

साखरेची तीव्रता. मधात सुमारे ८० टक्के शर्करा आणि १७-१८ टक्के पाणी असते. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी ग्लुकोज साधारण ०.१ टक्का असते. म्हणजे मधाची तीव्रता सुमारे ८०० पट. लोणच्याच्या फोडीवर मीठ घातले की फोड पाणी सोडते, तसेच मध जंतूंमधले पाणी ओढून घेतो आणि ते मरतात. पण सांध्यातल्या जिवंत पेशींमधले पाणीही तो त्याच प्रकारे ओढतो.

आम्लता. मध आम्लधर्मी आहे, त्याचा पीएच साधारण ३.५ ते ४.५ असतो. सांध्यातल्या द्रवाचा पीएच ७.४ च्या आसपास असतो. जखमेत थोडे आम्ल जंतूंना रोखते. बंद सांध्यात तेच अस्तराला चुरचुरवते आणि सूज आणते.

हायड्रोजन पेरॉक्साइड. मधातल्या एका विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे, ओलावा मिळताच थोडे थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. जखम धुण्यासाठी वापरतात तोच हा पदार्थ. कूर्चेच्या पेशींना तो मानवत नाही, आणि एकदा मेलेल्या कूर्चेच्या पेशी सहजासहजी पुन्हा तयार होत नाहीत.

जंतूंचे बीजाणू. बाजारातला, पोळ्यातला किंवा किनवट-माहूरच्या जंगलातून आणलेला, कोणताही खाण्याचा मध निर्जंतुक नसतो. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. म्हणूनच एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये असे आम्ही सांगतो. मोठ्या माणसाच्या पोटात ते निरुपद्रवी ठरतात. सुईने ते शरीरात सोडले तर पोटातले संरक्षण तिथे नसते. मध उकळून किंवा गाळून हे बीजाणू जात नाहीत. १२१ अंशांच्या दाबाच्या वाफेत ते मरतात, पण तेवढ्या उष्णतेने मधाचे विकरही नष्ट होतात. म्हणून जखमेसाठीचा वैद्यकीय दर्जाचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. पण निर्जंतुक केला म्हणून साखरेची तीव्रता किंवा आम्लता कमी होत नाही. असा मधही बाहेरून लावण्यासाठीच बनवलेला असतो.

बंद जागा. जखमेवरची पट्टी चुरचुरली तर काढून धुता येते. सांध्यात गेलेले काहीही तसे सहजासहजी परत काढता येत नाही.

‘मध चिकट असतो, म्हणून वंगणाचे काम करतो’ हे खरे आहे का?

हा युक्तिवाद ऐकायला पटतो, पण दोन्हींचा चिकटपणा वेगळ्या जातीचा आहे. सांध्यातला द्रव चिकट असतो तो हायलुरॉनिक आम्ल नावाच्या अतिशय लांब रेणूंमुळे. हे रेणू दोऱ्यांसारखे एकमेकांत गुंतलेले असतात आणि दाब पडला की उशीसारखे काम करतात. मध चिकट असतो तो फक्त त्यात साखर ठासून भरलेली असल्यामुळे. एका वाटी पाण्यात चमचाभर मध ढवळून पाहा, क्षणात सरबत होते. सांध्यातही तसेच होईल. उलट साखर आजूबाजूचे पाणी ओढून घेईल आणि गुडघा आणखी फुगेल.

‘साखरेचे इंजेक्शन तर डॉक्टरही देतात ना?’

होय, काही ठिकाणी देतात. त्याला प्रोलोथेरपी म्हणतात. त्यात साधारण १२.५ ते २५ टक्के ग्लुकोजचे निर्जंतुक, औषध म्हणून तयार केलेले द्रावण सांध्यात व अस्थिबंधांभोवती देतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन येथे ९० रुग्णांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा आणि घरच्या व्यायामापेक्षा ग्लुकोजच्या गटाला अधिक आराम मिळाल्याचे दिसले. तरीही अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघा आणि खुब्याच्या सांधेझिजेसाठी ही पद्धत वापरू नये असाच सशर्त सल्ला दिला, कारण पुरावा अपुरा होता.

इथे लक्षात घ्यायचे ते इतकेच. ग्लुकोज हा एकच, मोजून घेता येणारा पदार्थ आहे. मधात परागकण, प्रथिने, मेण, जंतूंचे अंश असे शेकडो घटक असतात आणि ते फुलाप्रमाणे, ऋतूप्रमाणे, पोळ्याप्रमाणे बदलतात. ग्लुकोजच्या इंजेक्शनचा कमकुवत पुरावा मधाला लागू होत नाही. मधमाशीच्या विषाचे इंजेक्शन हाही वेगळाच प्रकार आहे. त्याने काही जणांना जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते.

मग ज्यांनी घेतले त्यांना बरे कसे वाटते?

‘आमच्या पाहुण्यांना फरक पडला’ असे तुम्ही ऐकले असेल. ते खोटे बोलत नसतात. त्यामागे सहसा तीनपैकी एक कारण असते.

- दुखण्याची भरती-ओहोटी. सांधेझिजेचे दुखणे सतत सारखे नसते. आपण उपचाराला जातो ते दुखणे टिपेला असताना. त्यानंतर ते काही प्रमाणात आपोआप उतरतेच. श्रेय इंजेक्शनला मिळते.
- सुईवरचा विश्वास. सांध्यात नुसते मिठाचे पाणी दिले तरी बऱ्याच रुग्णांना काही आठवडे आराम वाटतो. हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणूनच कोणत्याही इंजेक्शनची तुलना मिठाच्या पाण्याशी करूनच फायदा ठरवतात.
- गुपचूप मिसळलेले स्टेरॉइड. ‘जडीबुटी’च्या पुड्या आणि नाव नसलेल्या इंजेक्शनांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेले असू शकते. आराम लगेच पडतो, पण मधुमेह असलेल्यांची साखर अचानक वाढते, रक्तदाब वाढतो, चेहरा सुजतो.

धोक्याची लक्षणे: यात उशीर करू नका

सांध्याच्या आत जंतू गेले तर पू होऊ शकतो. याला सेप्टिक आर्थ्रायटिस म्हणतात. त्यात काही दिवसांतच कूर्चा खराब होऊ शकते, म्हणजे जी गादी वाचवण्यासाठी इंजेक्शन घेतले तीच कायमची जाते. जंतू रक्तात पसरले तर जिवाला धोका असतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, वाढलेले वय, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणे यांत हा धोका अधिक असतो.

सांध्यात कोणतेही इंजेक्शन घेतल्यानंतर पुढीलपैकी काही दिसले तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात जा:

- सांधा लाल, गरम होणे आणि सूज वाढत जाणे
- दुखणे कमी होण्याऐवजी दर तासाला वाढणे, पाय जराही हलवता न येणे
- ताप किंवा थंडी वाजून येणे
- सुई टोचलेल्या जागेतून पाणी किंवा पू येणे
- अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, दम लागणे (अशा वेळी लगेच १०८ वर फोन करा)

जाताना ज्या बाटलीतून औषध दिले तिचा फोटो किंवा चिठ्ठी असेल तर सोबत न्या. काय टोचले आहे हे डॉक्टरांना लपवू नका. रागावण्यासाठी आम्ही ते विचारत नाही, योग्य तपासणीसाठी ते लागते. अशा वेळी सांध्यातले पाणी काढून तपासावे लागते, शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात आणि अनेकदा ऑपरेशन थिएटरमध्ये सांधा धुवावा लागतो. घरी शेक, मालीश किंवा उरलेल्या गोळ्या यांत वेळ घालवू नका. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे अस्थिरोग विभाग आहेत.

कायदा काय सांगतो?

‘आयुर्वेदिक इंजेक्शन आहे’ असे सांगितले गेले तर एक गोष्ट जरूर माहीत असू द्या. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मध्ये आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी पेटंट किंवा मालकी हक्काच्या औषधांची व्याख्या दिली आहे. त्या व्याख्येतून सुईने द्यायची औषधे स्पष्टपणे वगळली आहेत. म्हणजे एखाद्या कंपनीने स्वतःचे आयुर्वेदिक मिश्रण इंजेक्शन म्हणून विकणे या व्याख्येत बसत नाही. औषधांच्या फसव्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. संशयास्पद इंजेक्शनबद्दल अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते.

गुडघ्यावर उडदाच्या पिठाचे आळे करून त्यात कोमट तेल धरतात, ती जानुबस्ती. काही जण तिचा आणि अशा इंजेक्शनचा घोळ करतात. जानुबस्तीत तेल त्वचेच्या बाहेरच राहते. दोन्ही गोष्टी एक नाहीत.

सांध्यात सुई टोचण्याआधी विचारायचे प्रश्न

इंजेक्शन कोणतेही असो, हे प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे:

१. औषधाचे नाव काय? बाटली दाखवाल का?
२. बाटलीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली आहे का?
३. हे औषध सांध्यात देण्यासाठीच आहे का?
४. देणाऱ्या डॉक्टरांचे शिक्षण आणि नोंदणी क्रमांक काय?
५. फायदा किती दिवस टिकेल आणि धोका काय?
६. कागदावर लिहून द्याल का?

बाटली दाखवायला, नाव सांगायला किंवा लिहून द्यायला कोणी तयार नसेल, तर तिथून उठून या. ‘फॉर्म्युला गुप्त आहे’ हे उत्तर ऐकले तर पुढचा प्रश्न विचारण्याचीही गरज नाही.

मग मान्य इंजेक्शने कोणती?

स्टेरॉइड. सूज आणि दुखणे फार वाढले असताना आराम देते, पण तो काही आठवड्यांपुरता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४० रुग्णांच्या अभ्यासात दर तीन महिन्यांनी दोन वर्षे स्टेरॉइड दिले गेले. त्यात दुखणे मिठाच्या पाण्यापेक्षा कमी झाले नाही, कूर्चा मात्र अधिक झिजली. म्हणून ते अडचणीच्या वेळचे औषध आहे, महिन्याच्या किराण्यासारखे ठरलेले नाही. मधुमेह असेल तर नंतर काही दिवस साखर वाढते, ती तपासत राहा.

हायलुरॉनिक आम्ल, म्हणजे ‘वंगणाचे इंजेक्शन’. हे कोंबड्याच्या तुऱ्यापासून किंवा जंतूंच्या किण्वनातून तयार करतात. २०२२ मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या मोठ्या आढाव्यात मिठाच्या पाण्यापेक्षा त्याचा फायदा रुग्णाला जाणवेल इतका आढळला नाही. खर्च करण्याआधी विचार करा.

पीआरपी. तुमच्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त भाग सांध्यात देतात. ऑस्ट्रेलियातल्या २८८ रुग्णांच्या २०२१ मधील अभ्यासात एका वर्षानंतर दुखण्यात आणि कूर्चेत मिठाच्या पाण्यापेक्षा फरक आढळला नाही.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की परवाना असलेल्या, निर्जंतुक, अभ्यासलेल्या इंजेक्शनांचा फायदासुद्धा मर्यादित आहे. गादी नव्याने उगवणारे इंजेक्शन आज कोणाकडेही नाही.

खरोखर उपयोगी काय पडते?

मांडीचे स्नायू बळकट करणे. सांधेझिजेवरचा हा सर्वांत भरवशाचा उपचार आहे आणि तो फुकट आहे.

- पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि ती खाली दाबा. ५ ते १० सेकंद दाबून सोडा. १० वेळा.
- उताणे झोपा. एक गुडघा वाकवा, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचला, ५ सेकंद धरा. प्रत्येक पायाने १० वेळा.
- उंच खुर्चीवरून हाताचा आधार कमी घेत उठा-बसा. ५ पासून सुरुवात करून १० वेळा.

हे दिवसातून दोनदा करा. पहिले काही दिवस थोडे दुखेल. दुसऱ्या दिवशीपर्यंत ते दुखणे उतरत असेल तर काळजी नको. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात आणि ‘व्यायामाने काही होत नाही’ म्हणतात.

वजन. एक किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. अमेरिकेत ४५४ जणांवर १८ महिने चाललेल्या अभ्यासात (२०१३) आहार आणि व्यायाम दोन्ही केलेल्या गटाचे वजन सुमारे दहाव्या हिश्श्याने घटले आणि दुखणे जवळपास निम्म्यावर आले. आतापर्यंत सांगितलेल्या कोणत्याही इंजेक्शनने हे साधलेले नाही.

रोजच्या सवयी. जमिनीऐवजी खुर्चीवर बसा. भारतीय शौचालयावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते, ती घ्या. ओट्यावर उभे राहून स्वयंपाक, निंदणीला बसण्यासाठी छोटे स्टूल, दुखत्या पायाच्या विरुद्ध हातात काठी. काठी घेण्यात कमीपणा नाही, पडून खुबा मोडण्यापेक्षा ती कधीही बरी.

औषधे. आधी वेदनाशामक जेल वापरा. गोळ्या कमी दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण होतो, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, शेतात घाम गाळून पाणी कमी प्यायले असेल तेव्हा हा धोका आणखी वाढतो.

सांधा बदलणे. वरचे सगळे नीट करूनही रात्रीची झोप उडत असेल, घरातल्या घरात चालणे अवघड झाले असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयात असणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. इथे एक इशारा: सांध्यात इंजेक्शन घेतल्यावर लगेच सांधा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून सहसा तीन महिने थांबावे लागते. सांध्यात एकदा पू होऊन गेला असेल तर ऑपरेशन आणखी अवघड होते. ऑपरेशन टाळण्यासाठी घेतलेले इंजेक्शनच पुढचे ऑपरेशन बिघडवू शकते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मध खाल्ल्याने गुडघेदुखी कमी होते का?
मध खाल्ल्याने कूर्चा भरून येत नाही. आवड म्हणून एखादा चमचा खायला हरकत नाही. मधुमेह असेल तर मध म्हणजे साखरच, शुद्ध असो वा पोळ्यातला, हे विसरू नका. वजन कमी करायचे असेल तरी त्याचा हिशोब धरा.

गुडघ्यावर बाहेरून मध चोळला तर?
अपाय नाही, पण धडधाकट त्वचेतून तो सांध्यापर्यंत पोहोचत नाही. शेक आणि हलकी मालीश यांनी जो आराम मिळतो तो उबेचा आणि हाताचा असतो.

जखमेवर घरातला मध लावू का?
भाजले असेल तर आधी २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा आणि दवाखान्यात जा. मधाची पट्टी हवी असल्यास निर्जंतुक, वैद्यकीय दर्जाची, डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरा.

मी दोन महिन्यांपूर्वी असे इंजेक्शन घेतले, काही त्रास नाही. आता काय करू?
घाबरू नका. पुढचा डोस घेऊ नका. साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. पुढे कधी सांध्याच्या ऑपरेशनचा विचार झाला तर ही गोष्ट सर्जनना आवर्जून सांगा.

आई-वडील ऐकत नाहीत, काय करावे?
वाद घालू नका. त्यांचे दुखणे खरे आहे आणि कोणीतरी ते मनापासून ऐकले म्हणून ते तिकडे वळतात. त्यांच्याबरोबर आठवडाभर रोज दहा मिनिटे व्यायामाला बसा. अस्थिरोगतज्ज्ञाकडे त्यांना घेऊन जा आणि वर दिलेले प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

लक्षात ठेवा

- मधाची जखमेवरची पट्टी अभ्यासलेली आहे. सांध्यातले मधाचे इंजेक्शन हा प्रमाणित उपचार नाही.
- ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्जंतुक नव्हे. सांधा ही शरीरातली बंद, जंतूविरहित जागा आहे.
- इंजेक्शननंतर ताप, लाली, वाढती सूज दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.
- व्यायाम आणि वजन यांचे फळ सावकाश मिळते, पण टिकते.

हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या गुडघ्याची तपासणी, एक्स-रे आणि इतर आजार पाहूनच तुमचे डॉक्टर तुमच्यासाठी योग्य उपचार ठरवू शकतात.